सिस्टरांच्या हाताला तालीम: खेळातून आपत्कालीन सराव कसा बसवायचा

अ‍ॅड्रेनॅलिनचा डोस विचारला तर जवळजवळ प्रत्येक स्टाफ सिस्टर बरोबर सांगते. हृदय थांबलेल्या पेशंटला द्यायच्या या औषधाचं अँप्यूल (काचेची कुपी) ट्रॉलीतून शोधून, फोडून, सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून पेशंटपर्यंत किती सेकंदांत पोचतं, हे मात्र घड्याळ लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. डोक्यात असलेलं आणि हातात असलेलं यांच्यातलं हे अंतर व्याख्यानाने भरत नाही. छाती दाबण्याचं कौशल्य तर शिकल्यानंतर तीन ते सहा महिन्यांतच ओसरायला लागतं. वर्षातून एकदा कार्यशाळा घेऊन सर्टिफिकेट फाईलला लावलं, तरी पुढचे सहा-आठ महिने वॉर्ड उघडाच राहतो.

कोल्हापुरात तालीम म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पैलवान मैदानात उतरून नवा डाव शिकत नाही. तो रोज लाल मातीत थोडा थोडा घोटतो, आणि मैदानात हात आपोआप चालतात. नर्सिंगचा आपत्कालीन सरावही तसाच हवा: थोडा, वारंवार, आपल्याच वॉर्डात, आपल्याच वस्तूंनी. खाली दिलेले खेळ पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयासाठी आहेत. इन्चार्ज सिस्टर, मेट्रन किंवा नर्सिंग कॉलेजच्या ट्यूटर ते चालवू शकतात. कॉम्प्युटर लागत नाही. लागतात ती कार्डं, दोन स्टॉपवॉच आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास.

कशाला खेळ म्हणायचं, कशाला नाही

प्रश्नमंजुषा घेऊन गुण देणं, फळ्यावर नंबर लावणं, बिल्ला देणं याला आम्ही खेळ म्हणत नाही. ते व्याख्यानच असतं, फक्त नटवलेलं. खेळात तीन गोष्टी असाव्या लागतात. खेळणारीला निर्णय घ्यावा लागतो. वेळ, माणसं किंवा सामान यांपैकी काहीतरी कमी असतं. आणि घेतलेल्या निर्णयाचा परिणाम तिला लगेच दिसतो. ‘ऑक्सिजन सिलिंडर किती वेळ पुरेल?’ हा प्रश्न झाला. अर्धा भरलेला एकच सिलिंडर आणि दोन पेशंट समोर ठेवून ‘कोणाला लावणार, आणि बदली सिलिंडर कधी मागवणार?’ असं म्हटलं की खेळ सुरू होतो.

मांडणीआधी

वेळ ड्युटी बदलण्याची धरा. सकाळची पाळी दुपारच्या पाळीला चार्ज देते तेव्हा दोन्ही पाळ्या हजर असतात. एक पाळी वॉर्ड सांभाळते, दुसरी खेळते. दहा मिनिटं खेळ, पंधरा मिनिटं चर्चा, पाच मिनिटं सामान मोजून परत ठेवायला. चर्चेचा वेळ खेळापेक्षा कमी ठेवू नका, खरं शिकणं तिथेच होतं. नाईट ड्युटीच्या सिस्टर नेहमी सुटतात, म्हणून महिन्यातला एक खेळ रात्री साडेआठच्या चार्जच्या वेळीच घ्या.

जागा म्हणजे सेमिनार हॉल नव्हे, वॉर्डातली रिकामी खाट. ट्रॉलीचं चाक अडकतं, सक्शनची वायर प्लगपर्यंत पुरत नाही, पडद्यामागे उभं राहायला जागा नाही, या गोष्टी हॉलमध्ये कधीच कळत नाहीत.

सामानाबाबत एक नियम कडक पाळा: सरावाच्या वस्तू आणि खऱ्या वस्तू एकमेकींत मिसळता कामा नयेत. सरावाच्या प्रत्येक अँप्यूलवर, सिरिंजवर, सलाईनच्या बाटलीवर भडक नारिंगी स्टिकर लावा आणि त्यावर मराठीत ‘सराव, पेशंटला देऊ नये’ असं लिहा. सामान एका झाकणाच्या डब्यात ठेवा, झाकणाच्या आतून यादी चिकटवा. खेळ संपल्यावर एकीने वाचायचं, दुसरीने मोजायचं. एक जरी वस्तू कमी भरली तरी ती सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही. पाण्याने भरलेली, लेबल लावलेली सिरिंज खऱ्या ट्रेमध्ये राहून गेली तर सराव न केलेला परवडला.

वॉर्डाच्या दाराला ‘सराव सुरू आहे’ असा बोर्ड लावा आणि आजूबाजूच्या नातेवाइकांना आधी सांगा. नाहीतर धावपळ पाहून त्यांची तारांबळ उडते. एक परवलीचा शब्दही ठरवा. ‘खरंच!’ असं कुणीही ओरडलं की खेळ त्या क्षणी थांबतो, कारण खरा पेशंट बिघडलेला असतो.

कोल्हापुरापुरती एक सूचना. ‘सीपीआर’ म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन पेशंटला जगवणं. इथे ‘सीपीआर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय येतं. ‘सीपीआर चालू आहे’ हे ऐकून मावशी किंवा नातेवाईक पेशंटला तिकडे हलवायचं आहे असं समजू शकतात. म्हणून खेळात आणि प्रत्यक्षातही हाक एकच ठेवा: ‘कोड ब्लू, फिमेल वॉर्ड, खाट आठ’ (कोड ब्लू म्हणजे पेशंटचं हृदय थांबलं आहे). आणि कामाचा हुकूम साध्या मराठीत द्या: ‘छाती दाबायला घ्या’.

पहिला खेळ: क्रॅश कार्टचा शोध

क्रॅश कार्ट म्हणजे आपत्कालीन सामानाची ट्रॉली. सुरुवात या खेळाने करा. तो सोपा आहे, पाच-सात मिनिटांत संपतो आणि पहिल्याच दिवशी वॉर्डाचा फायदा करून देतो.

जाड कागदावर ६.३ बाय ८.८ सेंटिमीटरची कार्डं छापा, ए-फोर कागदावर नऊ बसतात. सत्तावीस कार्डं म्हणजे तीन कागद. अठरा कार्डांवर वस्तूचं नाव न लिहिता गरज लिहा: ‘पेशंटचा श्वास बंद, मास्क बसत नाही’, ‘शुगर ३२, शुद्ध नाही, शीर सापडली आहे’, ‘तोंडात फेस आणि उलटी, दिसत नाही’. गरजेवरून वस्तू ठरवावी लागली की हात आणि डोकं दोन्ही चालतात. उरलेली नऊ कार्डं तपासणीची: ‘लॅरिंगोस्कोपचा बल्ब लावून दाखवा’, ‘अँब्यू बॅगचा व्हॉल्व्ह तपासा’, ‘सक्शन सुरू करून नळी चिमटून दाब दाखवा’.

दोघींची जोडी. एक कार्ड उचलून वाचते, दुसरी वस्तू काढून तिच्या हातात देते आणि नाव मोठ्याने म्हणते. पहिली लेबल वाचून ‘मिळालं’ म्हणते. वेळ वस्तू हातात आल्यावर नाही, लेबल वाचल्यावर थांबते. हा बारकावा सोडू नका. अ‍ॅड्रेनॅलिन आणि अ‍ॅट्रोपिनची छोटी अँप्यूल शेजारी असतील तर घाईत एकाऐवजी दुसरं उचललं जातं, आणि वाचण्याची सवय नसेल तर चूक थेट सिरिंजमध्ये जाते. सहा कार्डांना तीन मिनिटं, चुकीच्या वस्तूला वीस सेकंदांचा दंड.

हा खेळ चालू असताना दुसरी भरलेली ट्रॉली जवळ हवी. दुसरी नसेल तर खऱ्या ट्रॉलीच्या कप्प्यांचे फोटो काढून त्याच मापाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर चिकटवा आणि आत सरावाच्या वस्तू ठेवा.

तीन जोड्या एकाच वस्तूवर अडखळल्या तर दोष जोड्यांचा नाही, मांडणीचा आहे. वस्तूची जागा बदला. वरचा कप्पा श्वासाचा, दुसरा औषधांचा, तिसरा शिरेचा, खाली द्रव आणि मोठं सामान, अशी एकच मांडणी सगळ्या वॉर्डांत ठेवा, म्हणजे बदलीवर आलेल्या सिस्टरला शोधावं लागत नाही.

दुसरा खेळ: दोन मिनिटांचा डाव

हृदय थांबलेल्या पेशंटचा हा दहा मिनिटांचा खेळ. भूमिका पाच: प्रमुख, छाती, श्वास, औषध, वेळ आणि नोंद. प्रत्येकीच्या गळ्यात भूमिकेचं कार्ड अडकवा. दर दोन मिनिटांनी छाती दाबणारी बदलते. थकवा जाणवायच्या आधीच दाब उथळ व्हायला लागतो, म्हणून ‘मी अजून करू शकते’ हे ऐकायचं नाही.

मोबाईलवर मेट्रोनोम ११० वर लावा. वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, तीस दाब आणि दोन श्वास. पाठीखाली फळी सरकवा. एअर मॅट्रेस असेल तर हवा सोडण्याची कळ कुठे आहे हे खेळातच शोधायला लावा. उंची कमी असलेल्या सिस्टरसाठी पायाखाली स्टूल हवं. मॅनिकिन (सरावाचा पुतळा) नसेल तर टी-शर्टात घातलेल्या टणक फोमवर लय आणि अदलाबदल घोटता येते, खोली मात्र येत नाही. त्यासाठी जवळच्या नर्सिंग कॉलेजकडून मॅनिकिन दिवसभरासाठी मागून आणा.

दहा लय-कार्डं बनवा: चारांवर सरळ रेघ, दोनांवर लय दिसते पण नाडी नाही, तीनांवर व्हीएफ (हृदय नुसतं थरथरतं, शॉक लागतो), एकावर नियमित लय आणि नाडी. दर दोन मिनिटांनी प्रमुख एक कार्ड उलटते आणि ‘शॉक’ की ‘शॉक नाही’ ते ठरवते. शॉक नसलेल्या लयीत अ‍ॅड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम लवकरात लवकर, मग दर तीन ते पाच मिनिटांनी. व्हीएफमध्ये दुसऱ्या शॉकनंतर. डीफिब्रिलेटर (शॉक देण्याचं यंत्र) प्रत्यक्ष चार्ज करायचा नाही, त्याच्या पॅनेलचा खऱ्या मापाचा फोटो पुठ्ठ्यावर लावा आणि बटणं तिथे दाबायला लावा. ‘सगळ्यांनी बाजूला’ म्हणून नजर फिरवल्याशिवाय बटण दाबलं तर तो शॉक बाद.

गुण देण्याची पद्धत एकच आणि साधी. दुसरं स्टॉपवॉच छातीवरून हात उचलला की सुरू, हात ठेवला की बंद. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. हात उचललेला वेळ एकूण १२० सेकंदांच्या आत राहिला तर छातीवरचा वेळ ८० टक्के, म्हणजे उत्तम. २४० च्या वर गेला तर ६० टक्क्यांच्याही खाली, मग डाव पुन्हा. कोणताही एक खंड दहा सेकंदांपेक्षा लांबता कामा नये. पहिल्यांदा खेळताना सगळा वेळ कुठे जातो हे या घड्याळावर दिसतं. मुख्यतः तो शॉकच्या आधी ‘थांबा, बघूया’ म्हणण्यात आणि नाडी शोधण्यात जातो.

दुसऱ्या फेरीत अडचण-कार्डं घाला: ‘डॉक्टर ओटीत आहेत’, ‘नातेवाईक पडदा सारून आत आले’, ‘सिलिंडरचा काटा शून्यावर’. आणि तिसरी फेरी रात्रीची: फक्त दोन सिस्टर आणि एक मावशी. मला विचाराल तर पाच जणींपेक्षा हीच फेरी जास्त वेळा खेळावी, कारण लहान रुग्णालयात रात्री तेवढेच हात असतात. एकीने छातीवरून हात काढायचा नाही. दुसरी हाक देते, ट्रॉली आणते, बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) धरते. मावशीला नेमकं एकच काम सांगायचं: ‘शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरना बोलवा आणि लिफ्ट धरून ठेवा.’ मावशींना आणि वॉर्डबॉय मामांनाही खेळात घ्या.

प्रत्येक हुकमाला उत्तर हवं. ‘अ‍ॅड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम आयव्ही.’ ‘अ‍ॅड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम आयव्ही दिलं, अकरा वाजून चार.’ नुसतं ‘हो सर’ म्हटलं तर औषध दिलं नाही असं समजून त्याची वेळ नोंदवायची नाही. दोन खेळांत ही सवय लागते.

तिसरा खेळ: केस-कार्ड, आणि ते कसं लिहायचं

बहुतेक ठिकाणी केस अशी लिहितात की पहिल्या ओळीत रोग ओळखू येतो. मग निर्णय उरत नाही. चांगली केस गुपचूप सुरू होते आणि चुकीची वाट मोहात पाडते. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडून पावसाळ्यात येणाऱ्या पेशंटवरून मण्यारदंशाची केस सहा कार्डांत अशी बसते. खेळातलं एक मिनिट म्हणजे पेशंटची दहा मिनिटं.

पहिलं कार्ड: ‘पहाटे ४.४०. वय २८, शेतमजूर. रात्री जमिनीवर झोपला होता. पोटात कळा, एकदा उलटी. नाडी ९६, बीपी १२४/८०, श्वास १८.’ चावल्याची खूण नाही. गट अँटासिड देऊन ओपीडीची वाट बघतो का, की ‘कुठे झोपला होता?’ हा धागा पकडतो, ते इथे बघायचं. मण्यारीची खूण बऱ्याचदा दिसतच नाही आणि पहाटेची पोटदुखी हीच पहिली तक्रार असू शकते.

दुसरं कार्ड गोठण-चाचणीचं. गटाला टेबलावर दोन नळ्या ठेवा, एक काचेची, एक प्लास्टिकची. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर ताजं रक्त, वीस मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरपी करायची. प्लास्टिकची उचलली, किंवा मध्येच हलवून पाहिली, तर चाचणी बाद आणि दोन मिनिटं वाया. डिटर्जंटने धुतलेली नळीही चालत नाही, रक्त गोठत नाही आणि फसगत होते. नीट केली तर निकालाचं कार्ड सांगतं: ‘रक्त गोठलं.’ सापळा इथे आहे. घोणसचं विष रक्त बिघडवतं, मण्यारीचं विष नसांवर जातं. म्हणून गोठलेलं रक्त बघून ‘विषबाधा नाही’ म्हणणारा गट पुढच्या कार्डावर अडकतो.

तिसरं: ‘पापण्या जड. आवाज नाकातून. एका श्वासात मघाशी २५ पर्यंत मोजत होता, आता १२.’ इथे डॉक्टरांना फोन करावाच लागतो. फोनला साठ सेकंद. चार गोष्टी आल्या तरच पुढचं कार्ड मिळतं: कोण पेशंट आणि आत्ता काय झालं, मागचं थोडक्यात, मला काय वाटतं, मला काय हवं. चौथी गोष्ट सिस्टर टाळतात. ‘सर, तुम्ही बघून घ्या’ याला गुण नाहीत. ‘मण्यारदंश वाटतोय, सर्पविषरोधकाचा आदेश हवा आणि श्वासासाठी तुम्ही लगेच यायला हवं’ याला आहेत.

चौथं: आदेश आला, १० व्हायल. पावडरच्या प्रत्येक व्हायलमध्ये १० मिलिलिटर द्रव घालून तळहातांवर फिरवायची, हलवायची नाही, फेस होतो. दहा व्हायल विरघळवायला किती वेळ लागतो हे कुणालाच आधी माहीत नसतं, म्हणून साखर भरलेल्या दहा रिकाम्या बाटल्या देऊन हे प्रत्यक्ष करून घ्या. दोन जणी लागतात हे तेव्हाच पटतं. सुरू करण्याआधी अ‍ॅड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम भरून, लेबल लावून शेजारी ठेवलं नसेल तर पाचवं कार्ड महागात पडतं: ‘पंधराव्या मिनिटाला खाज, घरघर, बीपी ८०.’ ड्रिप थांबवायची, अ‍ॅड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. पेशंट मूल असता तर सर्पविषरोधकाच्या व्हायल कमी केल्या असत्या का, हा प्रश्न इथे टाका. नाही, सापाने विष कमी सोडलेलं नसतं. अ‍ॅड्रेनॅलिन मात्र वजनाप्रमाणे.

सहावं: ‘श्वास उथळ, डोळे उघडत नाही, हाकेला प्रतिसाद नाही.’ बॅग-मास्क सुरू, व्हेंटिलेटरची तयारी, १०८ ला फोन किंवा हलवण्याची व्यवस्था. चर्चेत एक गोष्ट आवर्जून सांगा: हा पेशंट हलत नसला तरी ऐकत असू शकतो. श्वास चालू ठेवला तर तो उठून बसू शकतो. त्याच्या उशाशी काय बोलायचं याचाही सराव करा.

औषधाचं प्रत्येक कार्ड दोन रंगांत ठेवा, ‘सिस्टर स्वतः’ आणि ‘आदेश घेऊन’. खेळाच्या जोशात ही सीमा पुसली जाऊ नये. डोस छापण्याआधी तुमच्या फिजिशियनकडून आणि चालू सरकारी मार्गदर्शक सूचनेवरून तपासून घ्या, आणि कार्डाच्या कोपऱ्यात तपासल्याची तारीख घाला.

प्रसूती विभागासाठी केसपेक्षा ‘रक्त किती गेलं?’ हा खेळ जास्त उपयोगी पडतो. खाण्याचा लाल रंग घातलेलं, आरारूटने किंचित दाट केलेलं पाणी तीन ठिकाणी ओता: पॅडवर ३५०, किडनी ट्रेमध्ये ५००, चादर आणि फरशीवर मिळून १२००. सिस्टरांनी आकडा चिठ्ठीवर लिहून टाकायचा, एकमेकींना दाखवायचा नाही. मोठा स्राव जवळजवळ सगळ्याच कमी लेखतात. मग वजनकाटा काढा, कोरड्या पॅडचं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरा. नैसर्गिक प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर ओलांडलं की हाक द्यायची आणि रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड प्रसूतीपासून तीन तासांच्या आत द्यायचं असतं. डोळ्यांच्या अंदाजाने यातला अर्धा तास नकळत निसटतो.

चौथा खेळ: पुराचा पट

हा तिमाहीतून एकदा, दीड तासाचा, आणि मे महिन्यात तर हवाच. यात मेट्रन, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), स्टोअर आणि सुरक्षारक्षक सगळे बसतात.

आपल्या रुग्णालयाचा मजल्यांचा नकाशा मोठ्या पुठ्ठ्यावर काढा. जिने, लिफ्ट, जनरेटर, ऑक्सिजनचं मॅनिफोल्ड (सिलिंडरांची मुख्य जोडणी), औषधांचं स्टोअर खऱ्या जागी दाखवा. पेशंटच्या चोवीस सोंगट्या: दोन व्हेंटिलेटरवर, चार ऑक्सिजनवर, दोन बाळंतिणी बाळांसह, तीन डायलिसिसचे, पाच खाटेवरून न उठणारे, बाकी चालते. साधनं: दोन अँब्युलन्स, चार स्ट्रेचर, सहा बी-टाईप सिलिंडर, आठ तासांचं डिझेल, सात कर्मचारी. व्हेंटिलेटरची सोंगटी हलवायला तीन माणसं, खाटेवरच्याला जिन्यावरून चार.

पट पाण्याच्या पातळीवर चालतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पहिली फेरी ३९ वर सुरू करा, प्रत्येक फेरी म्हणजे एक तास, वेळ आठ मिनिटं. पुढच्या फेऱ्या ४०, ४१, ४३, ४४. खरं पाणी इतक्या वेगाने चढेलच असं नाही, खेळासाठी तास आवळले आहेत. घटना-कार्डं इथलीच घाला: ‘राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले’, ‘शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, वाहतूक बंद’, ‘शिरोळहून येणाऱ्या दोन सिस्टर पोचू शकत नाहीत’, ‘तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये पाणी’. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ खरोखर बंद पडला होता, त्यामुळे ‘असं कुठे होतं का’ म्हणायला कुणी धजत नाही.

सगळ्यात जास्त गट ऑक्सिजनवर हरतात. भरलेला बी-टाईप सिलिंडर साधारण १५०० लिटरचा. मिनिटाला १० लिटरने तो १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास चालतो. एरवी तासाभराचा रस्ता वळसा घालून तीन तासांचा झाला, तर पेशंट वाटेत ऑक्सिजनविना पडतो. वळशाचं कार्ड मुद्दाम सिलिंडर निवडून झाल्यावर काढा. पुढच्या वेळी गट आपणहून विचारतो, ‘रस्ता किती वेळाचा, काटा कितीवर, जास्तीचा कुठे?’

दुसरी चूक क्रमाची. पाणी यायला वेळ असेल तर ज्यांना तयारी जास्त लागते ते आधी हलवायचे, व्हेंटिलेटरवाले आणि डायलिसिसवाले, रस्ते उघडे असतानाच. पाणी दारात आलं असेल तर चालते पेशंट आधी वर पाठवायचे, कारण थोड्या माणसांत जास्त जीव सुटतात. तिसरी चूक म्हणजे तिकडच्या रुग्णालयाला फोन न करताच अँब्युलन्स सोडणं. ‘खाट आहे का’ हा फोन केल्याशिवाय सोंगटी पटाबाहेर जात नाही, असा नियमच ठेवा. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत, मनगटाला नावाची पट्टी, बाळ आणि आई एकाच गाडीत.

हाच पट आगीसाठीही चालतो. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्या दिवसानंतर एसएनसीयूच्या (आजारी नवजात बाळांच्या कक्षाच्या) सिस्टरांनी ‘धुरात किती बाळं, किती हातांनी, कोणत्या दाराने’ हे पटावर आणि मग पायांनी चालून पाहिलं नसेल, तर बाकी सगळे खेळ बाजूला ठेवून आधी हा घ्या. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा अधिकार कुणाचा, आणि त्याआधी सिलिंडरवर घ्यायचे पेशंट किती, याचं उत्तर प्रत्येक पाळीत एका नावासकट हवं.

मोठ्या अपघातासाठी वीस चिठ्ठ्यांचा छोटा खेळ पुरतो. प्रत्येक चिठ्ठीवर एक जखमी, त्याला उपचाराच्या घाईप्रमाणे रंग द्यायचा: लाल सगळ्यांत आधी, मग पिवळा, मग हिरवा, आणि काळा म्हणजे वाचण्याची आशा नाही. प्रत्येक चिठ्ठीला तीस सेकंद. चालतो तो हिरवा. श्वास नाही, वाट मोकळी करूनही नाही, तो काळा; मोकळी केल्यावर आला तर लाल. श्वास ३० च्या वर, लाल. नखावर दाबून रंग यायला दोन सेकंदांहून जास्त, लाल. सांगितलेलं ऐकत नाही, लाल. उरलेले पिवळे. ओरडणारा हिरवा आणि गप्प पडलेला लाल, अशा जोड्या मुद्दाम घाला.

खेळानंतरचं बोलणं

गोल बसा, इन्चार्जने खुर्चीवर आणि बाकीच्यांनी उभं असं नको. पहिले दोन मिनिटं फक्त ‘कसं वाटलं’. घाम, राग, लाज बाहेर पडल्याशिवाय डोकं चालत नाही. मग घड्याळातले आकडे वाचा, मत न देता: ‘पहिला दाब ४१ व्या सेकंदाला, पहिलं अ‍ॅड्रेनॅलिन चौथ्या मिनिटाला.’ मग विचारा, ‘त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?’ ‘असं का केलंत?’ या प्रश्नाने सिस्टर बचाव करते. पहिल्या प्रश्नाने ती विचार सांगते, आणि चुकीचं मूळ तिथे सापडतं. शेवटी एकच गोष्ट ठरवा जी उद्या बदलायची आहे, नाव आणि तारखेसकट. पाच ठरवल्या तर एकही होत नाही.

खेळातली चूक गोपनीय अहवालात जाणार नाही, हे मेट्रननी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगावं, आणि पाळावं. एकदा जरी ‘त्या दिवशी खेळात तर तुम्हाला आलं नव्हतं’ असं वॉर्डात ऐकू आलं, की पुढच्या खेळात सगळ्या जणी मागे उभ्या राहतात. म्हणूनच गुण गटाला द्या, व्यक्तीला नाही. नोटीस बोर्डावर नावानिशी क्रमवारी लावणं आम्हाला अजिबात मान्य नाही.

काय बिघडतं

त्याच चार हुशार मुली दरवेळी पुढे येतात. भूमिका चिठ्ठी टाकून द्या. वीस वर्षं सेवा झालेल्या सिस्टर कडेला उभ्या राहतात, कारण ज्युनिअरसमोर चुकायचं नसतं. त्यांना पहिल्या फेरीत परीक्षक करा, दुसऱ्या फेरीत प्रमुख, त्यांचा अनुभव अडचण-कार्डं लिहायला घ्या. कार्डं इंग्रजीत असली की खेळ वाचनातच अडकतो, औषधांची नावं जशी लेबलवर तशी ठेवा, बाकी मराठीत. केस फार अवघड केली तर हसून सोडून देतात, फार सोपी केली तर गप्पा सुरू होतात. तीनपैकी दोन गट थोडक्यात जिंकतील इतपत ताण ठेवा. आणि तीच केस तिसऱ्यांदा आली की उत्तर पाठ झालेलं असतं. कार्डांचा क्रम, वय, पहिली तक्रार बदलत राहा.

मोजायचं काय

सुरू करण्याआधी आठवडाभरात, न सांगता, प्रत्येक पाळीचे तीन आकडे घ्या: हाकेपासून पहिल्या दाबापर्यंतचे सेकंद, पहिल्या अ‍ॅड्रेनॅलिनपर्यंतचा वेळ, आणि छातीवरून हात उचललेला एकूण वेळ. ‘खेळ आवडला का’ हा फॉर्म भरून घेऊ नका, सगळ्यांनाच आवडतो. तीन महिन्यांनी तेच आकडे, त्याच खाटेवर, त्याच पाळीत पुन्हा घ्या. दाबाची वेळ सुधारली आणि औषधाची नाही, तर अडचण बहुधा ट्रॉलीत आहे, क्रॅश कार्टचा खेळ परत लावा. दिवसपाळी सुधारली आणि रात्रपाळी तशीच राहिली, तर पुढचे चारही खेळ रात्रीच्या चार्जला घ्या. आकडे एका वहीत लिहा, वही ट्रॉलीच्या शेजारी टांगा, आणि खरा कोड ब्लू झाला की त्याचेही आकडे त्याच वहीत, त्याच रकान्यांत भरा.